सीपॅप बॅटरीवर चालवताना

माझ्या उशाशी रात्रभर सीपॅप मशीन चालू असतं. झोपेत माझ्या घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते. मास्कमधून दाबाने येणारी हवा ती वाट उघडी ठेवते. सिडनीच्या कॉलिन सलिवन यांनी हा उपाय १९८१ साली जगापुढे मांडला. मला १० सेंटीमीटर पाण्याइतका दाब लागतो. मशीनशिवाय झोपलो तर दुसरा दिवस वाया जातो: डोकं जड, आणि बसल्या जागी डुलकी.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळ चेन्नईजवळून आंध्रच्या दिशेने सरकलं आणि शहर पाण्याखाली गेलं. इथे बऱ्याच भागांत विजेच्या केबल जमिनीखालून जातात. रस्त्याकडेचे पिलर बॉक्स पाण्यात गेले की शॉक लागू नये म्हणून पुरवठा बंदच ठेवावा लागतो. मैलापुरात आमच्या गल्लीतही अंधार होता. घरच्या इन्व्हर्टरवर पंखे, दिवे आणि माझं मशीन चालत होतं. पहाटेच्या आधीच इन्व्हर्टर पिपाणीसारखा वाजू लागला आणि बंद पडला. उरलेली रात्र मी खुर्चीत बसून काढली. शेजारच्या मामींनी सकाळी फिल्टर कॉफी आणून दिली, तेव्हा कुठे डोळे उघडले.

पाणी ओसरल्यावर मी हिशेब मांडला. माझ्या मशीनला हवा ढकलायला साधारण १० वॉट पुरतात. खरी वीज खातो तो ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट करण्यासाठी पाणी तापवणारा हीटर. तो बंद केला तर आठ तासांची झोप ८० ते १०० वॉट-अवरमध्ये भागते. चालू ठेवला तर त्याच्या तिप्पट-चौपट लागते. दुसरी गळती इन्व्हर्टरमध्ये. तो बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० करतो, आणि मशीनचा अडॅप्टर त्याचे पुन्हा २४ करतो. दोन्ही वेळा थोडी वीज उष्णतेत जाते.

मग इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, रिची स्ट्रीटवरून, १२ व्होल्ट, २४ अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. तिच्यात सुमारे ३०० वॉट-अवर मावतात. मशीनच्या कंपनीचा १२ चे थेट २४ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर मागवला. डॉक्टरांना विचारून हीटर बंद ठेवला. पुण्याच्या कोरड्या थंडीत घसा सुकला असता. इथे समुद्र जवळ, डिसेंबरची हवा मुळातच दमट. टाकीत नुसतं डिस्टिल्ड वॉटर ठेवलं तरी मला पुरतं. सलग दोन रात्री आरामात निघतात.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवली आहे. बॅटरी संपून मशीन थांबलं, तर मास्क लगेच काढायचा. हवेचा झोत थांबला की सोडलेला श्वास मास्कमध्येच साचू लागतो.

नवरात्राआधी, म्हणजे इथला मोठा पाऊस सुरू होण्यापूर्वी, मैलापुरातल्या नॉर्थ माडा स्ट्रीटवर गोलूच्या, म्हणजे नवरात्रात घरोघरी मांडायच्या, बाहुल्या विकायला आल्या, की मी बॅटरी पूर्ण चार्ज करतो आणि घरात वीज असतानाच एक रात्र तिच्यावर झोपतो. सकाळी किती चार्ज उरला ते बघतो. ज्यांच्या घरी हे मशीन आहे, त्यांनी पावसाआधी एवढं जरूर करावं. प्रत्येकाचा दाब वेगळा, मास्क वेगळा. आपली बॅटरी आपल्याला किती पुरते, हे वादळाच्या रात्री कळून उपयोग नाही.