शनिवारची वही



"शनिवारी शाळेत काही शिकवत नाहीत, नुसते खेळ घेतात. त्यापेक्षा त्या दिवशी शिकवणी लावलेली बरी." हे वाक्य मी या वर्षी आपल्या बायकांच्या तोंडून बरेचदा ऐकलं. माझी लेक सहावीत आहे, त्यामुळे हा विषय माझ्याही घरचा आहे.

तिचा आठवडा तुमच्या मुलांसारखाच. सोमवार ते शुक्रवार गणित, भाषा, विज्ञान, इतिहास-भूगोल, गृहपाठ आणि मधूनच एखादी चाचणी. शनिवारी मात्र सकाळची शाळा. दप्तर नाही, फक्त एक वही आणि डबा. हे काही एखाद्या शाळेच्या मनात आलं म्हणून चाललेलं नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात मुलांना दहा दिवस दप्तराविना शिकू द्यावं असं म्हटलं आहे. आपल्या राज्याने मार्च 2024 मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' ठरवला. त्यात योग-प्राणायाम, आरोग्याची काळजी, रस्त्यावरची सुरक्षा, पैशांचं नियोजन, आपत्तीच्या वेळी काय करावं, नाती कशी सांभाळावीत असे विषय आहेत. नीट पाहिलं तर यातलं बरंचसं आपण घरात शिकवायला हवं असतं आणि वेळेअभावी राहून जातं.

आमचं गाव देसाईगंज, म्हणजे जुन्या लोकांचं वडसा. गावाबाहेर पडलं की जंगल सुरू होतं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी लेकीच्या वर्गात सुतळीचा खेळ झाला. प्रत्येकाच्या गळ्यात एक चिठ्ठी होती. कुणी गवत, कुणी बांबू, कुणी मधमाशी, कुणी चितळ, कुणी अस्वल. कोण कुणावर जगतं ते सांगायचं आणि सुतळी त्याच्या हातात द्यायची. माझी लेक वाळवी झाली होती. एका मुलाला वाघाची चिठ्ठी मिळाली. त्याने ती गळ्यात घालायला नकार दिला. त्याच्या घरातलं माणूस वाघाने नेलं होतं.

आपल्या भागात ही गोष्ट नवी नाही. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये वनखात्याने वडसा परिसरात पकडलेल्या सीटी-1 या वाघाने आपल्याकडे आणि शेजारच्या भंडारा, ब्रह्मपुरी भागात मिळून 13 माणसं मारली होती. सरांनी त्या मुलावर जबरदस्ती केली नाही. "तू मोह हो," म्हणाले. मग मधमाशी, चितळ, अस्वल आणि माणूस, सगळ्यांच्या सुतळ्या त्याच्याच हातात आल्या.

दुपारी घरी येऊन लेकीने दोन प्रश्न विचारले. "आई, वाघाला पाप लागतं का?" आणि "तो म्हणाला, वाघाला मारूनच टाकायला पाहिजे. मी त्याला काय सांगू?"

पहिल्याचं उत्तर सासूबाईंनी दिलं. त्यांनी तिला भगवान महावीरांच्या पूर्वभवाची गोष्ट सांगितली. त्या भवात ते सिंह होते. हरिण मारणाऱ्या त्या सिंहाला आकाशमार्गे आलेल्या दोन मुनिराजांनी उपदेश केला, त्याला जातिस्मरण झालं आणि त्याने हिंसा सोडली. "म्हणून भगवंतांचं चिन्ह सिंह आहे," लेक लगेच म्हणाली. पाठशाळेत चोवीस चिन्हं पाठ केली होती, त्यातलं एक असं कामाला आलं. हिंसेचा कर्मबंध होतोच, पण म्हणून तो जीव कायमचा वाईट ठरत नाही, एवढं तिला समजलं.

दुसरा प्रश्न अवघड होता. आपण दुकानदार माणसं. आपल्या घरचं कुणी मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जात नाही, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जात नाही. त्यामुळे वाघावर दया करा असं सांगणं आपल्याला सोपं जातं. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याच्यापुढे ते सांगायला जाणं म्हणजे दुखऱ्या जागी बोट ठेवणं. आणि शब्दानेही हिंसा होते, हे आपण प्रतिक्रमणात दर वेळी म्हणतोच. मी तिला म्हटलं, "त्याला काहीच सांगू नकोस. त्याच्याजवळ बस, डबा खा."

पुढच्या शनिवारी आपत्तीचा विषय होता आणि वनखात्याची माणसं शाळेत आली. जंगलात एकट्याने जाऊ नये. नीट उजाडल्याशिवाय निघू नये. गटाने राहून मोठ्याने बोलत राहावं. बाकीचे वाकून वेचत असताना एकाने उभं राहून लक्ष ठेवावं, कारण वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसू शकतो. लेकीने हे सगळं वहीत उतरवलं आणि त्या मुलाने तेच एका मोठ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं. तो कागद आता आमच्या दुकानात, गल्ल्यामागच्या भिंतीवर चिकटवला आहे. खेड्यांवरून किराणा घ्यायला येणाऱ्या बायका तो वाचतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आमचे हे वाचून दाखवतात. माणूस वाचला तर वाघावरचा रागही वाढत नाही. दोन्ही जीव राखायचा यापेक्षा सोपा उपाय मला तरी माहीत नाही.

पाचवी आणि आठवीला आता पुन्हा वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण व्हावं लागतं, ही आयांची काळजी मला कळते. शिकवणी लावायची तर रोज संध्याकाळी लावा, पण शनिवारची शाळा चुकवू नका. दुपारी मूल जेवायला बसलं की तीन गोष्टी विचारा. आज काय हाताने केलंस? कुणाला काय येतं जे तुला येत नाही? कोणता प्रश्न घेऊन आलीस?

आणि रविवारी पाठशाळेत शिकवणाऱ्या ताईंना एक विनंती. मुलांना शनिवारची वही सोबत आणायला सांगा. माझ्या लेकीच्या वहीत शाळेच्या परसबागेतले जीव लिहिलेले आहेत. तिने त्यांच्यापुढे पेन्सिलने इंद्रियं मांडली आहेत: गांडूळ दोन, मुंगी तीन, फुलपाखरू चार. खाली वाघ लिहून पाच केले आहेत आणि त्याच ओळीत त्या मित्राचं नाव आहे.