रिपोर्ट यायच्या आधीचे चार दिवस

रात्री दोन वाजता मोबाइलवर आजारांची नावं शोधत बसलाय कधी? मी बसले आहे. आईच्या गाठीची बायोप्सी झाली होती आणि रिपोर्टला चार दिवस होते. चर्चमधली एक मावशी म्हणाली, "विश्वास असला की काळजी राहत नाही." मला ते लागलं. म्हणजे माझा विश्वासच खोटा?

मग पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र उघडलं. काळजी करू नका असं लिहिणारा हा माणूस तेव्हा स्वतः कैदेत होता, निकाल काय लागेल हे त्यालाही ठाऊक नव्हतं! चौथ्या अध्यायात तो भीती दडपायला सांगत नाही. मागणं देवाला कळवा म्हणतो, तेही आभार मानत. आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "मग मोठ्यानेच कळवू या." स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये आम्ही प्रभूला सगळं सांगितलं. गाठ, खर्च, माझी नवी नोकरी. आभार कशाचे मानायचे ते मला सुचेना. आईने शेजारच्या काकूंनी सकाळी दिलेल्या डब्याचे मानले.

रिपोर्ट अजून आलेला नव्हता. पण त्या रात्री मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवून मी आईजवळ झोपले.