आधी वजन करू

माझ्या लहानपणी घरात नवी लोकर क्वचितच यायची. विणकाम व्हायचं ते जुन्यातून. बाबांचा स्वेटर कोपरांवर विरला की आई शिवणी सोडवायची, धागा ओढायला घ्यायची आणि आम्हा बहिणींपैकी एकीला समोर बसवून हात पुढे करायला लावायची. मनगटांभोवती लडी भरत जायची. उसवलेली लोकर नागमोडी होते. तशीच विणली तर टाके वेडेवाकडे पडतात. म्हणून ती लडी कोमट पाण्यात भिजवून दोरीवर टांगायची आणि खाली अडकित्ता लटकवायचा. वाळेपर्यंत धागा सरळ. मग आई गुंडा तळहातावर तोलायची आणि निकाल द्यायची: टोपडं होईल, स्वेटर नाही.

क्रोशाही तिनेच शिकवला. साखळी, मुका खांब, खांब. तुळशीबागेतल्या पांढऱ्या दोऱ्याचं तिचं तोरण गणपतीत न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या आमच्या दाराला अजून लागतं.

इथे मात्र सगळं उलटं झालं. आधी नमुना आवडायचा, मग त्याच्यासाठी खरेदी, आणि उरलेलं तळघरात. इथली थंडी हे कारण कायम हाताशी. त्यात १९४३पासून चालत आलेली जोअ‍ॅनची कापड-लोकरीची दुकानं २०२५मध्ये देशभर बंद झाली. त्या शेवटच्या सेलमधून कुणी काय उचललं ते विचारू नये. १९३८च्या गाजलेल्या रेडिओ-नाटकात मंगळवासी उतरले ते ग्रोव्हर्स मिल आमच्याच गावात. आमच्या तळघरात उतरते, तर लोकरीत पाय गुंतून तिथेच राहिले असते.

यंदा हिवाळ्यात काय विणायचं ते ठरवण्याआधी सगळे डबे उपसले. रंगांप्रमाणे लावलेली लोकर फोटोत छान दिसते, कामाला येते ती जाडीप्रमाणे लावलेली. इथे वेष्टनावर ० ते ७ असा जाडीचा आकडा असतो. माझ्याकडे बहुतेक ४, म्हणजे मधली. वेष्टन हरवलेल्या गुंड्यांचा एकेक तुकडा जाळून पाहिला: खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. अर्धवट उरलेल्या गुंड्यांसाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा खाली आणला. १९८ ग्रॅमच्या एखाद्या गुंड्यात ३३३ मीटर धागा असतो. त्यातला ८० ग्रॅम उरला असेल, तर साधारण १३५ मीटर. एक टोपी निघते. आईला हे हाताला कळायचं.

आता बेत असा. भाचीच्या बाळाला सुती दुपटं, भरीव विणीचं. जाळीत इवली बोटं अडकतात. ४ नंबरच्या तुकड्यांचे चौकोन, जोडणी पुढच्या वर्षी झाली तरी चालेल. स्वतःला जांभळी शाल. तिच्या गुंड्यांचे लॉट नंबर वेगळे निघाले. दिव्याखाली रंग एकच वाटतो, उन्हात फरक उघडा पडतो. म्हणून दोन ओळी या गुंड्याच्या, दोन त्याच्या, असं आलटूनपालटून विणायचं. म्हणजे फरक मुरतो.

मोहरी-पिवळ्या ढिगाचं काही ठरत नाही. तो रंग घरात कुणालाच शोभत नाही, मलाही नाही, आणि तो मी का घेतला ते आठवत नाही. लेक म्हणाली, "आई, देऊन टाक ना."

म्हटलं, आधी वजन करू.