वाटीत राहिलेली पिन

हे आम्ही नवरा-बायको मिळून लिहीत आहोत, कारण पडलो दोघेही. एक जण पुढे बसला होता, एक मागे. रस्त्यावर घासत गेलो ते मात्र एकत्रच.

गेल्या हिवाळ्यात अक्कलकोटला नात्यातला एक निकाह होता. एसटीने जावे की मोटारसायकलने, यावर घरात थोडी चर्चा झाली आणि "चाळीस किलोमीटर तर आहे" या एका वाक्याने ती संपली. गाडी आमची जुनी, शंभर सीसीची, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असलेली. आणि ती नुकतीच दुरुस्तही झाली होती. निघायच्या दोन दिवस आधी, जुम्म्याची नमाज पढून आल्यावर, आमच्या धाकट्याने अंगणात मागचे चाक खोलून नवे ब्रेक शू बसवले होते. तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाईल भिंतीला टेकवून ठेवलेला, त्यावर व्हिडिओ चालू, आणि नट-बोल्ट ठेवायला दादीकडून मागून घेतलेली स्टीलची वाटी. तासाभरात काम झाले. दादी माशाअल्लाह म्हणाली. आम्हालाही कौतुक वाटले, आणि खरे सांगायचे तर मजुरीचे पैसे वाचल्याचा आनंदही झाला.

रविवारी सकाळी सफरची दुआ पढून निघालो. कुंभारी मागे पडले. वळसंग जवळ आले तेव्हा समोरून मेंढरांचा कळप रस्त्यावर चढला. वेग फार नव्हता, पस्तीसच्या आसपास असेल. दोन्ही ब्रेक दाबले. मागून 'खट्' असा आवाज आला आणि मागचे चाक जागच्या जागी जाम झाले. गाडीची शेपटी एका बाजूला गेली आणि आम्ही दुसऱ्या. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने वेळेवर गाडी थांबवली, अल्हम्दुलिल्लाह. एकाचे गुडघे आणि तळहात सोलले. एकीचे मनगट मोडले आणि पुढचे सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेले.

बुरख्याचे टोक चाकाच्या तारांमध्ये गेले होते. चाक फिरत असते तर ते आत ओढले गेले असते, आणि मग काय झाले असते ते आम्ही एकमेकांशीही बोललेलो नाही. साडी गार्ड कुठे होता? तो धाकट्याने सहा महिन्यांपूर्वी काढून माळ्यावर टाकला होता, गाडी 'म्हातारी' दिसते म्हणून. मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत यासाठी मागचे निम्मे चाक झाकणारे संरक्षण हवे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो. नियम नंतर वाचला. पण बुरखा, ओढणी, साडी नेसून मागे बसणाऱ्या घरातल्या बाईला विचारले असते तरी हेच उत्तर मिळाले असते. गार्ड काढताना कोणी विचारले नाही.

वळसंगला पंक्चर काढणाऱ्या एका मामांनी गाडी पाहिली. कानडी वळणाच्या मराठीत ते दोन मिनिटांत म्हणाले, "ह्या पट्टीचा नट पडलाय बघा. पिन घातलीच नव्हती कुणी."

ज्यांनी चाक कधी खोललेले नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगतो, कारण आम्हालाही हे तोपर्यंत ठाऊक नव्हते. ड्रम ब्रेकमध्ये चाकाच्या मधोमध एक झाकण असते आणि ब्रेक शू त्या झाकणावर बसवलेले असतात. चाक फिरते, झाकण फिरत नाही. ते फिरू नये म्हणून एक लोखंडी पट्टी त्याला गाडीच्या मागच्या सांगाड्याशी धरून ठेवते. ब्रेक दाबला की चाकाचा सगळा जोर या पट्टीवर येतो. म्हणून तिच्या नटातून एक साधी दुमडायची पिन घालतात, धक्क्यांनी नट सैल झाला तरी गळून पडू नये यासाठी. आमच्या गाडीचा नट हाताने आवळलेला होता, पिन नव्हती. दोन दिवस शहरातल्या खड्ड्यांतून गाडी फिरली, नट गेला, मग पट्टी सुटली. ब्रेक दाबताच झाकण चाकाबरोबर फिरले, ब्रेकची सळई वाकली आणि चाक अडकले. चाक दोन दिवस नीट फिरले, ब्रेकही लागत होता. म्हणजे चूक बसली होती ती नेमकी जोरात ब्रेक दाबायची वाट बघत.

आम्ही मामांना म्हणालो, तात्पुरते काहीतरी करा, तार बांधा, निकाहाला पोचायचे आहे. ते हातही लावेनात. "तार बांधून देतो मी, पण मग रात्री झोप लागायची नाही मला. गाडी इथंच राहू द्या." वर ताईंचा हात आधी डॉक्टरला दाखवा म्हणून स्वतःच एक रिक्षा थांबवली. पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर धाकट्याने ती वाटी बाहेर काढली. जुन्या ब्रेक शूंच्या धुळीत ती पिन पडलेली होती. तो रडला. दादी म्हणाली, बेटा, वाटी रिकामी झाली की नाही तेवढे तरी बघायचे होते.

आम्हाला त्याच्यावर ओरडता आले नाही. त्याने हे काम स्वतः करायला घेतले त्याला कारण होते. त्याआधीच्या वर्षी शहरातल्या एका गॅरेजात आम्ही नव्या ब्रेक शूंचे पैसे दिले होते आणि आत जुनेच शू पॉलिश पेपरने घासून बसवलेले निघाले. त्याच गॅरेजात चाक आवळणारा हात बारा-तेरा वर्षांच्या एका पोराचा होता. चौदा वर्षांखालच्या मुलाला असे कामाला ठेवणे २०१६ पासून कायद्याने पूर्ण बंद आहे. आम्ही ते पाहिले आणि गप्प बसलो, कारण काम लवकर होत होते. नंतर फसवणूक कळली तेव्हा "मेकॅनिक सगळे चोर" असे घरात आम्हीच म्हणालो होतो. पोराने ते ऐकले आणि पाना हातात घेतला.

अब्बांचे म्हणणे मात्र वेगळे पडले. अब्बा म्हणजे आमच्यातल्या एकाचे वडील, दुसरीचे सासरे. सोलापुरात पॉवरलूमवर जॉबर म्हणून त्यांची हयात गेली. मागांच्या जोडण्या लावायच्या, बिघडलेला माग सुरू करून द्यायचा, हे जॉबरचे काम. त्यांच्याकडे पूर्वी लुना होती. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचे, प्लगवर काजळी धरली की प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. प्लग काढता येत नाही तो गाडीवाला कसला, असा तो जमाना. आम्हाला वाटले होते, ते नातवाची बाजू घेतील.

त्यांनी प्लास्टरकडे बघितले आणि म्हणाले, "प्लग चुकला तर गाडी चालू होत नाही. ब्रेक चुकला तर गाडी थांबत नाही. दोन्हीला दुरुस्तीच म्हणता होय तुम्ही?"

मग त्यांनी धोट्याची गोष्ट सांगितली. मागावर सूत तुटले तर माग थांबतो, फार तर कापडात डाग येतो; ते काम शिकाऊ पोराने केले तरी चालते. पण धोटा ज्या मार्गाने पळतो त्याची जोडणी चुकली तर धोटा उडतो, आणि त्याची टोके लोखंडी असतात. समोरच्या मागावर काम करणाऱ्या माणसाचा डोळा गेलेला अब्बांनी पाहिला आहे. म्हणून तसली जोडणी केली की ते वीज चालू करायच्या आधी माग हाताने एक फेरा फिरवून बघत, आणि शेजारच्या शेडमधल्या जॉबरला बोलावून दाखवत. तो जॉबर त्यांच्यापेक्षा हुशार होता म्हणून नव्हे. आवळणाऱ्याच्या डोळ्याला आपली चूक दिसत नाही म्हणून.

पाना घरातल्याने फिरवावा की गॅरेजवाल्याने, यावर आम्ही इतके दिवस वाद घालत होतो. दुसरा डोळा कोणाचा, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. अंगणात धाकटा एकटा होता. व्हिडिओतला माणूस आमची वाटी बघू शकत नव्हता. आणि त्या गॅरेजात पोराने आवळलेला नट कोणीच बघितला नव्हता, आम्ही तर चहा प्यायला गेलो होतो.

आधी उंट बांधा, मग भरोसा ठेवा, हे हदीसमधले बोल जुम्म्याच्या बयानात आम्ही किती वेळा ऐकले असतील. दुआ पढून निघालेल्या आमच्या उंटाचा दोर मात्र वाटीत होता.

मनगट बरे होईपर्यंत विजापूर वेशीच्या बाजूला एका उस्तादांचे गॅरेज सापडले. तिथे पहिल्या दिवशी आम्ही जरा बिचकतच विचारले, काम चालू असताना उभे राहिले तर चालेल का? उस्ताद हसले. "जो उभं राहू देत नाही त्याच्याकडे गाडी देऊच नका." ते काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात देतात, नव्याचा डबा गिऱ्हाइकासमोर फोडतात. ब्रेकची धूळ फुंकर मारून उडवत नाहीत, ओल्या फडक्याने पुसतात; ती छातीत जाते, आणि पूर्वीच्या लायनरमध्ये तर ॲस्बेस्टॉस असायचे. चाक बसवल्यावर गल्लीत पायी चालण्याच्या वेगाने गाडी नेऊन स्वतः दोनदा ब्रेक दाबून बघतात. मजुरी इतरांपेक्षा थोडी जास्त घेतात. घेऊ द्या.

घरचे काम बंद झालेले नाही. ते धाकट्याकडेच आहे आणि तो ते चांगले करतो. दर रविवारी सकाळी, टायर थंड असताना हवा बघायची. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी मोजलेली हवा फसवते. ऑइलची पातळी, मागचा लाल दिवा. ब्रेकच्या दांडीजवळचा बाण झाकणावरच्या खुणेपर्यंत पोचला का, तेवढे नुसते बघायचे. पोचला असेल तर शू संपले, गाडी उस्तादांकडे. चेन साफ करून तेल द्यायचे, पण इंजिन बंद ठेवून आणि चाक हाताने फिरवून. चालू इंजिनवर चेनला फडके धरताना बोटांची पेरे गमावलेले लोक गॅरेजवाल्यांच्या ओळखीत असतातच, आमच्या उस्तादांच्या ओळखीत दोन आहेत. ब्रेक, चाके, पुढचे शॉकअब, कोनसेट यांना घरी पाना लागत नाही. आमच्या थोरल्याकडे नवी गाडी आहे. एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक बीएस-सिक्स गाड्यांमध्ये कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले, तिथे घासायला प्लगशिवाय फारसे काही उरलेलेच नाही.

एक गोष्ट आमच्या दोघांची. त्या दिवशी हेल्मेट एकाच डोक्यावर होते, पुढच्या. मागचीला वाटायचे, हिजाबवर ते बसत नाही, आणि मागे बसणाऱ्याला कोण विचारतो. कायदा दोघांनाही विचारतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ साली हेल्मेट नसताना दुचाकीवर गेलेल्यांची संख्या ५०,०२९ आहे; त्यांतले १४,३३७ जण मागे बसलेले होते. पातळ सुती हिजाबवर एक माप मोठे हेल्मेट व्यवस्थित बसते. दुकानात तीन घालून पाहिली, चौथे घेतले.

साडी गार्ड माळ्यावरून खाली आला. थोडा गंजला होता, धाकट्याने घासून काळा रंग दिला आणि स्वतःच बसवला. गाडी पुन्हा म्हातारी दिसते.

तो आता सुट्टीच्या दिवशी दोन तास उस्तादांकडे जाऊन बसतो. आधी नुसता बघायचा, आता हाताखाली काम करतो. गेल्या महिन्यात मागच्या चाकाचे काम निघाले तेव्हा उस्तादांनी पाना त्याच्याच हातात दिला. त्याने नट आवळला, पिन घातली, दोन्ही टोके दुमडली. उस्तादांनी टॉर्च मारून बघितले. अब्बा आमच्याबरोबर आले होते. तेही गुडघ्यावर हात टेकत खाली वाकले आणि त्यांनी पिनेला बोट लावून पाहिले. मग म्हणाले, "आता एक चक्कर मारून आण. हळू."