आधी वय, मग जात

टूसॉन, ॲरिझोना
ऑक्टोबर

ती. भावोजी आणि ताई,


राष्ट्रीय उद्यानं फिरायला घेतलेला कॅम्पर दारात उभा राहिला, आता त्यात एक छोटा कुत्रा हवा, तर कोणती जात घ्यावी ते कळव, असं ताईने लिहिलंय. फोनवरही सांगता आलं असतं. पण पिल्लाचा फोटो समोर असला की दुसऱ्याचं ऐकवत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. प्राण्यांच्या दवाखान्यात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत ठाम झालंय. आधी कुत्र्याचं वय ठरवा, जात मागाहून. तुम्ही पाच ते सात वर्षांचा, पुरता वाढलेला कुत्रा आणावा असं मला मनापासून वाटतं.

कॅम्पर आणि कुत्रा म्हटलं की इथे लेखक जॉन स्टाइनबेकचं नाव निघतंच. १९६० साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, तो ट्रकवर बसवलेल्या कॅम्परमधून अमेरिका बघायला निघाला. सोबत चार्ली नावाचा पूडल. त्या प्रवासाचं पुस्तक १९६२मध्ये आलं. चार्ली मोठ्या चणीचा होता, आणि तेव्हा दहा वर्षांचा म्हणजे चांगला पोक्त. दोघांना एकमेकांच्या सवयी पाठ होत्या. तरीही यलोस्टोनमध्ये अस्वलं दिसताच हा शांत कुत्रा असा खवळला की स्टाइनबेकला गाडी मागे फिरवावी लागली. इतक्या ओळखीचा कुत्रा जर असं वागू शकतो, तर दोन महिन्यांच्या पिल्लाबद्दल कुणी काय भरवसा द्यावा?

पिल्लाची दुसरीही अडचण आहे. साधारण सोळा आठवड्यांपर्यंत त्याच्या लसी पुऱ्या होत नाहीत. हायवेवरच्या रेस्ट एरियात ज्या गवतावर तुम्ही त्याला उतरवाल, तिथे रोज कितीतरी अनोळखी कुत्री येऊन जातात, आणि पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. शिवाय रात्री दोन-तीनदा उठून त्याला बाहेर न्यायचं, तेही कॅम्परच्या अरुंद पायऱ्या अंधारात उतरून. भावोजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ते विसरू नका. इथल्या सरकारी पाहणीत कुत्र्या-मांजरांमुळे पडून जखमी झालेल्यांचा आकडा वर्षाला सुमारे ८६ हजार निघाला होता. त्यात हाडं मोडण्याचं प्रमाण पंचाहत्तरीच्या पुढे सर्वांत जास्त. वाढलेला कुत्रा पायात घुटमळतो का, पट्टा ओढतो का, हे अर्ध्या तासात दिसतं.

आता आकाराचं. छोटा म्हणजे अगदी चिमुकला नको. दहा ते पंधरा पौंड, म्हणजे साधारण पाच ते सात किलो, हे तुमच्यासाठी योग्य वजन. एवढा कुत्रा ताईला एका हातात धरून दुसरा हात कठड्याला ठेवता येतो. चार पौंडांचा चिहुआहुआ किंवा यॉर्की सोफ्यावरून उडी मारताना पाय मोडून घेऊ शकतो, आणि आमच्या वाळवंटात कोयोट आणि मोठी घुबडं अशाच जिवांवर टपलेली असतात. छोट्या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते, म्हणून गळ्यात पट्टा फक्त नावाच्या बिल्ल्यासाठी ठेवा. दोरी छातीपट्ट्याला लावा.

काही जाती देखण्या असल्या तरी तुमच्या आयुष्याला मानवणार नाहीत. पग, फ्रेंच बुलडॉग, शित्झू यांची नाकं चपटी, त्यामुळे उन्हात त्यांना धड धापाही टाकता येत नाही, आणि कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकूनच. डॅक्सहुंडचा लांब मणका चढ-उताराने दुखावतो, आणि कॅम्परमध्ये दिवसभर चढ-उतारच असतो. जॅक रसेलला धावायला शेत हवं. बीगल हेल काढून ओरडतो, मिनिएचर श्नाउझर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची वर्दी देतो, आणि कँपग्राउंडवर शेजारच्याची खिडकी आपल्यापासून दहा पावलांवर असते. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल स्वभावाने फार गोड, पण त्या जातीत हृदयाच्या झडपेचा आजार इतका आढळतो की घ्यायचाच तर आधी हृदय तपासून घ्या.

माझ्या मनात तीन जाती आहेत: हॅव्हनीज, मिनिएचर पूडल आणि बिशॉन फ्रीझे. हॅव्हनीज मूळचा क्यूबाचा, माणसाळलेला, लवकर सरावणारा. पूडल तिघांत हुशार, एकदा दाखवलेलं विसरत नाही. बिशॉन आनंदी वृत्तीचा. तिघांचेही केस फार कमी गळतात, आणि दोनशे चौरस फुटांच्या घरात ही मोठी सोय. पण न गळणारे केस वाढतच राहतात. दर चार-सहा आठवड्यांनी कातरावे लागतात, नाहीतर गुंता होऊन कातडी दुखते. कॅम्परमध्ये पाणी मोजकं असतं, तेव्हा केस आखूडच ठेवा. या जातींची मिश्र संततीही तितकीच चांगली. रेस्क्यू संस्थांकडे असे कुत्रे मिळतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. ज्या राष्ट्रीय उद्यानांसाठी तुम्ही निघालात, तिथे कुत्र्याला बहुतेक ठिकाणी मज्जाव आहे. यलोस्टोनच्या लाकडी पायवाटांवर आणि डोंगरवाटांवर तो येऊ शकत नाही. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर सहा फुटी दोरीने फिरवता येतं, पण दरीत उतरवता येत नाही. मेनमधलं अकेडिया मात्र उदार, तिथल्या सुमारे शंभर मैल वाटा कुत्र्यांना खुल्या आहेत. म्हणजे अनेकदा तो मागे एकटा राहणार. उभ्या गाडीत हवा तापली की तासाभरात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा चाळीसेक अंश फॅरनहाइटने चढतं, खिडकीची फट ठेवून फारसा फरक पडत नाही. कॅम्परचा एसी कँपग्राउंडच्या विजेवर चालतो, आणि ती वीज भर दुपारी जाऊ शकते. आतलं तापमान फोनवर कळवणारं यंत्र बसवा. ते वाजलं तर अर्ध्या तासात परत पोहोचाल, इतक्याच लांब जा. ते जमणार नसेल तर एकाने कुत्र्याजवळ थांबायचं. यात तडजोड करू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. रेबीजचा दाखला कायम गाडीत हवा. कॅनडात जाऊन परत येणार असाल तर १ ऑगस्ट २०२४पासून अमेरिकेत शिरणारा कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, मायक्रोचिप हवी आणि सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा फॉर्म भरलेला हवा. डासांतून होणाऱ्या हार्टवर्मची गोळी बारा महिने द्या. ॲरिझोनात राहून गेल्यावर कुत्रा खोकू लागला, खाईनासा झाला, तर डॉक्टरांना इथे राहिल्याचं जरूर सांगा. इथल्या धुळीतल्या बुरशीने व्हॅली फीव्हर होतो आणि दुसऱ्या राज्यात तो पटकन ध्यानात येत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, राग मानू नका. भावोजी एकोणसत्तरचे. या जाती चौदा-पंधरा वर्षं जगतात. आज पिल्लू आणलं तर ते म्हातारं होईल तेव्हा भावोजी चौऱ्याऐंशीचे असतील, कॅम्पर केव्हाच विकलेला असेल. सहा वर्षांचा कुत्रा आणलात तर तुमचे फिरण्याचे दिवस आणि त्याचे उमेदीचे दिवस बरोबरीने चालतील. तरीही आपल्यामागे तो कुणाकडे जाईल हे लिहून ठेवा. पाळीव प्राण्यासाठी ट्रस्ट करण्याची कायदेशीर सोय इथे पन्नासही राज्यांत आहे. हिवाळ्यात पुण्याला जाल, तेव्हा त्याला विमानाचा त्रास देऊ नका. ते तीन महिने तो आमच्याकडे राहील, हे यांच्याशी बोलून पक्कं केलंय.

रेस्क्यू संस्थेकडे जाल तेव्हा कॅम्पर घेऊनच जा. त्याला पायऱ्या चढू द्या, इंजिन सुरू करा, जनरेटर लावा. मग दहा मिनिटं आत एकटं ठेवून बाहेर उभे राहा आणि कान द्या. थोडं कुरकुरून तो आडवा झाला, तर जातीचं नाव विचारायचीही गरज नाही. ज्याने आधीचं घर गमावलंय, त्याला चाकांवरचं घरही चालतं, माणसं तीच राहिली म्हणजे झालं. त्याचं जुनं नाव मात्र विचारून घ्या, आणि त्या नावाला तो ओ देत असेल तर बदलू नका.



तुमची,
मीना