मामांचा चप्पू

चौथीच्या वर्गात मी एकदा विचारलं, "पाण्यावर काय काय तरंगतं?" भराभर हात वर झाले. पान, ओंडका, बाटली, भोपळा. मागून आवाज आला, "गुरुजी, म्हैस!" सगळे हसले. उत्तर बरोबरच होतं की!

एक जण मात्र गंभीरपणे म्हणाला, "थर्माकोल. आमचे मामा त्याच्यावर बसून मासे धरतात."

मामांचं गाव गंगापूर तालुक्यात. मग काय, रविवारी फटफटी काढली आणि त्या पोराला मागे बसवून छत्रपती संभाजीनगरहून कायगाव टोका गाठलं. समोर पाणीच पाणी! मुलांनो, हाच नाथसागर, जायकवाडी धरणाचा फुगवटा. धरण तिकडे खाली पैठणला. १९७६ साली त्याचं उद्घाटन झालं. शंभरावर गावांना पाण्याने गिळलं. कुणाचं घर या काठाला राहिलं, तर शेत त्या काठाला.

मामा काठावर चप्पू बांधत होते. थर्माकोलच्या जाड लाद्या, त्यांवर खताच्या रिकाम्या गोण्या, वर बांबू आणि नायलॉनची दोरी. वल्हं म्हणजे एक फळकूट.

"थर्माकोलच का?" मी विचारलं.

"आमचा आजा सुक्या भोपळ्यांची सांगड बांधायचा. भोपळ्याला भोक पडलं की संपलं. डब्याचं अन् ट्यूबचं बी तेच. ह्याला चिरा, तोडा, तरंगतंच."

खरंच आहे. थर्माकोलमध्ये शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग हवाच असते, तीही बारीक बारीक बंद घरांत कोंडलेली. (पेट्रोल मात्र लागू देऊ नका, विरघळतो!) एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, दहा सेंटिमीटर जाड लादी घ्या. ती पूर्ण बुडाली तर ५० लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे ५० किलो. तिचं स्वतःचं वजन जेमतेम किलोभर. उरलेलं ओझं ती पेलते. पाचवीतलं पोर दप्तरासकट सहज मावेल.

मग मी ऐटीत चप्पूच्या कडेवर बसलो. दुसरी कड सर्रकन वर! "मधी बसा, गुरुजी!" मामा ओरडले. गुडघाभर पाणी होतं म्हणून बरं. होडीत आपण खाली, तिच्या पोटात बसतो. इथे सगळा भार वर, आणि चप्पू अरुंद. वारा सुटला की लाटा येतात ते वेगळंच.

याच फुगवट्याच्या काठी भिवधानोरा गाव आहे. तिथली काही मुलं थर्माकोलवरून शाळेला जायची. पाण्यात साप दिसला तर वल्ह्याने हाकलायचा! २०२३ च्या पावसाळ्यात पेपरात ही बातमी आली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. मी इथे पोरं पाच मिनिटं उशिरा आली तरी डोळे वटारतो. ती बातमी आठवून मला मामांसमोर बोलवेना.

सोमवारी वर्गात पाण्याचं घमेलं मांडलं. थर्माकोलच्या तुकड्यावर एकेक खडा ठेवायचा. तुकडा एकदाही बुडाला नाही. उलटला मात्र दरवेळी, सहाव्या-सातव्या खड्याला. तेव्हा मामांचा भाचा पुढे आला. त्याने तुकडा मधोमध मोडला, दोन्ही भाग थोड्या अंतरावर ठेवले आणि वरून दोन पेन्सिली आडव्या बांधल्या. सांगडच की! खडे मधोमध पुठ्ठ्यावर ठेवत गेलो. अकरा झाले, तरी स्थिर.

"गुरुजी, हे मामाला दाखवायला नेऊ?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दप्तरात कोंबलं.