मुकुंदवाडी ते नागसेनवन : प्रश्नांचा रूट

छत्रपती संभाजीनगरात नवा जॉब लागला आणि खिशाला परवडेल अशी रूम हवी असली, की कुणीतरी मुकुंदवाडीचं नाव सुचवतंच. एकीकडे चिकलठाणा एमआयडीसी, दुसरीकडे सिडको, मधून जालना रोड आणि जवळच छोटंसं रेल्वे स्टेशन. २०१९च्या दुष्काळात इथली मुलं याच स्टेशनवरून ट्रेन पकडून मुख्य स्टेशनवर पाणी भरायला जायची. ती बातमी पार जगभर पोहोचली होती. थोडक्यात काय, जवळ नाही ते आणायला बाहेर पडणं मुकुंदवाडीला नवं नाही!

आज आपणही बाहेर पडू या. पाण्यासाठी नाही, माहितीसाठी. चार जण एका रूमवर राहतात. बॉस, क्रिकेट, ईएमआय, सगळ्यावर तासन्‌तास गप्पा होतात. पण ‘माझ्या बाबतीत हे होतंय, ते नॉर्मल आहे का?’ हा प्रश्न मात्र मोबाइललाच विचारला जातो, तोही सगळे झोपल्यावर. उत्तर देणारा डॉक्टर असतो की भिंतीवर जाहिरात रंगवणारा ‘गुप्तरोगतज्ज्ञ’, कोण जाणे.

शेअर रिक्षात बसा. सिडको चौक मागे पडला की हायकोर्टाचं खंडपीठ लागतं. इथं एक जुना खटला आठवायलाच हवा. तो इथला नाही, १९३४ साली मुंबईत चाललेला. आरोपी होते र. धों. कर्वे. गणिताचे प्राध्यापक. १९२१मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, आणि या कामापायी विल्सन कॉलेजमधली नोकरी सोडावी लागली. पुढे १९२७पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत होते. वाचक त्यात आपल्या लैंगिक शंका विचारत आणि कर्वे सरळ, शास्त्रीय उत्तरं देत. हीच उत्तरं ‘अश्लील’ ठरली. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर! लोकांना प्रश्न पडतात तर त्यांना उत्तर मिळालंच पाहिजे, विकृती घालवायची तर ती ज्ञानानंच जाईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. केस हरली. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

सेव्हन हिल्स, क्रांती चौक, बाबा पेट्रोल पंप, मिल कॉर्नर. भडकल गेटला त्याच वकिलांचा पुतळा आहे, आणि पुढे घाटी. मराठवाड्यातला पेशंट जिथं शेवटी येतोच ते सरकारी हॉस्पिटल आणि मेडिकल कॉलेज. इथला विद्यार्थी काय शिकतो ते ठरतं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात आणि दिल्लीत. न्यायवैद्यकशास्त्रात वर्षानुवर्षं ‘कौमार्याची लक्षणं’ शिकवली जायची. त्यांना शास्त्रीय आधार नाही, हे सेवाग्रामचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी लावून धरलं आणि २०१९मध्ये नाशिकच्या विद्यापीठानं तो भाग काढायचं ठरवलं. २०२२मध्ये सुप्रीम कोर्टानं तर बजावलं, की बलात्कार पीडितेची ‘टू फिंगर टेस्ट’ करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल. तरी ऑगस्ट २०२४मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात कौमार्य आणि समलैंगिकतेचे जुनेच मुद्दे परत आले. ओरड झाली तेव्हा सप्टेंबरमध्ये मागे घेतले गेले.

तुम्ही म्हणाल, हा डॉक्टर लोकांचा सिलॅबस, आपलं काय? आपलंच तर आहे! उद्या मुकुंदवाडीतून कुणी मुलगी तक्रार घेऊन, कुणी मुलगा लाजत-लाजत ओपीडीत गेला, तर समोरचा डॉक्टर त्याला पेशंट मानेल की गुन्हेगार, हे तो वर्गात काय शिकलाय त्यावर ठरतं. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रकाश कोठारींनी लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा केला, तो याचसाठी महत्त्वाचा. तिथं या तक्रारी म्हणजे पाप नाही, वैद्यकाचा रीतसर विषय.

घाटी आणि पाणचक्की ओलांडली की नागसेनवन. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५०मध्ये इथं कॉलेज सुरू केलं. नाव दिलं मिलिंद. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, ज्याने भिक्खू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारले. आणि नागसेनानं एकालाही ‘असलं विचारू नये’ म्हणून गप्प केलं नाही. कॅम्पसला उत्तर देणाऱ्याचं नाव, कॉलेजला विचारणाऱ्याचं! इथून थोडं पुढे १९९४ पासून बाबासाहेबांचंच नाव मिरवणारं विद्यापीठ.

तर पुढच्या सुट्टीत हा रूट जरूर करा. आणि मनात एखादा प्रश्न अडकलाच असेल, तर सरकारी हॉस्पिटलच्या आयसीटीसीत एचआयव्हीची टेस्ट मोफत होते, नाव गुप्त राहतं. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ ही नॅकोची हेल्पलाइन आहे. विचारायला दंड पडत नाही. तो कर्व्यांनी आधीच भरलाय.